कामाची वही: खंड पडल्यानंतर

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह 1954 साली आला, 'अभिसार' 1963 साली आणि 'खूणगाठी' थेट 1985 साली. मधे 22 वर्षं. 'शीळ' ही कविता तर जी. एन. जोशींच्या आवाजात, पहिला संग्रह निघण्याच्या कितीतरी आधी, तबकडीवरून गावोगाव गेली होती. म्हणजे नाव झालेलं होतं, तरी पुस्तकांची रांग लागली नाही. 'खूणगाठी' आला तेव्हा कवीने पंचाहत्तरी गाठलेली होती, आणि पुढच्याच वर्षी त्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आता, दोन पुस्तकांमधल्या अंतराचा अर्थ कवी गप्प होता असा कुणी काढू नये. छापलं नाही म्हणजे लिहिलं नाही असं थोडंच असतं? पण बुलडाणा जिल्ह्यात बसून काही घडवणाऱ्या आणि मधेच थांबलेल्या माणसाला या तारखा माहीत असलेल्या बऱ्या.

हा लेख अशा थांबलेल्यांसाठी आहे, आणि त्यातही एका नेमक्या थांबण्याविषयी आहे. काम थांबणं वेगळं आणि कामाबद्दल लिहिणं थांबणं वेगळं. सुरुवातीच्या उमेदीच्या काळात अनेक जण एखादी वही ठेवतात. आज कोणता रंग कशात मिसळला, माती का तडकली, कवितेतली तिसरी ओळ का खोडली, असं काहीबाही तिच्यात लिहितात. मग नोकरी लागते, लग्न होतं, वावराच्या वाटण्या होतात आणि वही कपाटावर जाते. काम मात्र कसंबसं चालू राहतं. एटीडी करून शाळेत लागलेले आणि आता निवृत्तीला आलेले चित्रकलेचे सर, फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणं सुटलेले पेंटर, गणपती आणि महालक्ष्म्यांच्या हंगामात रात्री जागणारे मूर्तिकार, असे कितीतरी लोक आपल्या तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांना पुन्हा लिहावंसं वाटतं. पेनही हातात घेतात. आणि पहिल्याच पानावर अडतात.

अडतात कशामुळे? माझ्या मते एकाच कारणामुळे. इतकी वर्षं का लिहिलं नाही, याचा खुलासा आधी द्यायला हवा असं त्यांना वाटतं.

याबाबतीत मला सगळ्यात उपयोगी उदाहरण वाटतं ते फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्रवा यांचं. 3 सप्टेंबर 1822 रोजी, वयाच्या 24व्या वर्षी, त्यांनी रोजनिशी सुरू केली. दोन वर्षं लिहिली आणि 1824 मध्ये सोडून दिली. त्यानंतर त्यांची मोठमोठी चित्रं झाली, मोरोक्कोचा प्रवास झाला, सरकारी इमारतींच्या भिंती आणि छतं रंगवून झाली. रोजनिशी मात्र बंद. ती पुन्हा उघडली 19 जानेवारी 1847 रोजी. तीही 22 वर्षंच भरतात. हा निव्वळ योगायोग, त्यातून मला काही सिद्ध करायचं नाही. महत्त्वाचं आहे ते त्या दिवशीचं लिखाण. इतक्या काळाने वही हाती घेतलेला माणूस मधल्या वर्षांचा हिशेब मांडेल, निदान दोन उसासे तरी टाकेल, अशी आपली अपेक्षा असते. देलाक्रवा तसलं काही करत नाहीत. त्या दिवशी पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पाहिलेल्या प्राण्यांबद्दल लिहितात. हत्ती, गेंडा, पाणघोडा. आणि तिथून जे सुरू होतात ते 1863 सालापर्यंत, मृत्यूच्या काही आठवडे आधीपर्यंत, लिहीत राहतात. आज त्यांच्या रोजनिशीचा जो भाग चित्रकार पुन्हा पुन्हा वाचतात, त्यातला फार मोठा हिस्सा या दुसऱ्या डावातला आहे.

तेव्हा मधल्या वर्षांची भरपाई करायला जाऊ नका. 'बारा वर्षांनी पुन्हा लिहितोय' या वाक्याने सुरुवात केलीत की पुढची तीन पानं संसाराची होतात, आणि चौथ्या दिवशी वही पुन्हा कपाटावर. जुन्या वहीत दहा-वीस कोरी पानं उरली असतील तर त्याच वहीत लिहा, नवी कोरी आणू नका. नवी वही माणसाला उगाच मोठं काहीतरी लिहायला लावते. तारीख टाका, गावाचं नाव टाका, आणि आत्ता टेबलावर, पाटावर किंवा अंगणात जे अर्धवट पडलेलं आहे त्याबद्दल चार ओळी लिहा. अर्धवट काहीच पडलेलं नसेल तर आज डोळ्यांनी जे पाहिलं ते लिहा. मोताळ्याच्या बाजारात सीताफळांच्या ढिगावर कोणता हिरवा होता आणि सावलीतला कोणता होता, इतकं पुरे. मधल्या वर्षांत शिकलेलं असं काही असेलच. ते त्या-त्या कामाच्या ओघात आपोआप बाहेर येतं. मुद्दाम ओढून काढायला गेलं की त्याचं आत्मचरित्र होतं.

आता लिहायचं काय, हा खरा विषय. इथे मी जरा जास्त वेळ रेंगाळणार आहे, कारण बहुतेक वह्या इथेच फसतात. 'आज मन लागलं नाही', 'आज छान जमलं', 'रंगांशी खेळत राहिलो' अशी वाक्यं लिहायला सोपी आणि वाचायला निरुपयोगी. सहा महिन्यांनी तुम्हीच ते पान उघडलंत तर त्यातून तुमच्या हाती काही लागत नाही. कामाच्या वहीत निवड लिहायची. दोन गोष्टी समोर होत्या, तुम्ही एक घेतलीत आणि एक सोडलीत. काय घेतलं, काय सोडलं, का, आणि पुढे काय झालं. मन लागलं नाही हे लिहायला हरकत नाही, पण त्याच्यापुढे 'म्हणून आकाश मोकळं सोडलं' असं काही आलं तर ते वाक्य कामाचं.

लोणारचं उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्यातला बहुधा प्रत्येक चित्रकार कधी ना कधी त्या काठावर बसलेला असतो. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, तळाशी खारं पाणी, भोवती झाडी. आपण तळं हिरवं रंगवायचो. जून 2020 मध्ये काही दिवसांत ते पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं दिसलं. पाणी आटून क्षारांचं प्रमाण वाढलं की हे जीव फोफावतात. पावसानंतर गुलाबी ओसरला. आता कल्पना करा, एखाद्याकडे लोणारची पंधरा जलरंग चित्रं आहेत. त्यांच्या मागे तारीख आणि वेळ असेल, तर तो त्या तळ्याच्या रंगांचा इतिहास झाला. नसेल, तर ती पंधरा सुंदर चित्रं आहेत, बस.

आणि तारीखसुद्धा पुरत नाही. 'पाणी हिरवट' ही नोंद नव्हे. व्हिरिडियनमध्ये पिवळी माती मिसळली की सॅप ग्रीन पातळ करून वापरला. काठाजवळचा पट्टा मुद्दाम कोरडा ठेवला की चुकून राहिला. सकाळचे आठ की दुपारचे चार. ढग होते का. हे तिथेच, चित्राच्या कडेला पेन्सिलीने लिहून टाकावं. देलाक्रवांनी 1832 च्या मोरोक्को प्रवासात हेच केलं. छोट्या वह्यांत रेखाटनं काढली आणि भिंत कोणत्या रंगाची, कपडा कोणत्या रंगाचा, हे शब्दांत त्या रेखाटनांमध्येच लिहून ठेवलं, कारण उभ्याउभ्या रंगवायला वेळ नव्हता. त्या काही महिन्यांच्या नोंदींवर पुढची तीस वर्षं त्यांची चित्रं होत राहिली. फोन खिशात असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. फोटो जरूर काढा. पण लोणारच्या काठावरून दुपारी काढलेला फोटो घरी पाहिला की सावल्या काळ्याकुट्ट आणि पाणी पांढुरकं दिसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि डोळ्याने त्या काळ्यात कोणता जांभळा पाहिला होता, ते फोन सांगत नाही. लोणार अभयारण्य आहे, तेव्हा उतरण्याआधी वन विभागाच्या वेळा विचारून घ्या. रंग सांडलेलं पाणी तिथे ओतू नका.

लोणारवरून आणखी एक आठवलं, जरा आडवळणाचं आहे. हे विवर किती जुनं याची दोन उत्तरं अभ्यासकांनी दिली आहेत, एक सुमारे 52 हजार वर्षं आणि दुसरं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. दहापट फरक! तरी दोन्ही आकडे अभ्यासाच्या जगात मानाने वावरतात, कारण ते कोणत्या पद्धतीने काढले हे दोन्हीकडे लिहिलेलं आहे. पहिला ऊष्मादीप्ती मोजून, दुसरा अरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून. पद्धत लिहिलेली असली की मतभेदावरसुद्धा पुढचं काम करता येतं. आपल्या वहीत 'हा लाल टिकत नाही' एवढंच असेल तर त्याचं काय करायचं? कोणत्या कंपनीचा, कोणत्या कागदावर, किती महिने उन्हात, हे असेल तर दुसरा कुणी तपासून पाहू शकतो, तुम्ही चुकलात असंही म्हणू शकतो.

आपल्याकडे हवामानाची नोंद वेगळी ठेवावी लागते, कारण जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दुभागलेला आहे. बुलडाणा, चिखली, मेहकर वरच्या अंगाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली. एप्रिल-मे महिन्यात घाटाखाली जलरंगाचा वॉश कागदावर पसरायच्या आत वाळायला लागतो आणि त्याची कड उमटते. तोच हात, तोच कागद, वर बुलडाण्यात सकाळी बसलात तर जरा उसंत मिळते. पुस्तकांतून शिकलेल्या वेळा बहुतेक पुण्या-मुंबईच्या किंवा थेट इंग्लंडच्या दमट हवेतल्या असतात, त्या इथे चालत नाहीत. कागद मागून किती ओला करून घेतला, रंगात थेंबभर ग्लिसरीन घातलं का, कूलर चालू होता का, हे लिहून ठेवलंत तर दोन उन्हाळ्यांत तुमच्याजवळ घाटाखालच्या जलरंगाचं स्वतःचं शास्त्र तयार होईल.

मूर्तिकारांची गरज निराळी. तुमचा शत्रू पाऊस. माती कुठून आणली, शाडू किती आणि गावची किती, तडे जाऊ नयेत म्हणून किती मातीत किती कापूस कुटून घातला, मूर्ती सावलीत किती दिवस होती, मधे झड किती दिवस लागली. हे तुम्ही दरवर्षी नव्याने, अंदाजाने करता. तीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की कळतं, तडे मातीमुळे जात नव्हते, घाईने उन्हात काढल्यामुळे जात होते. किंवा याच्या अगदी उलट. याच वहीच्या मागच्या पानांवर एका मूर्तीला किती तास लागले तेही मांडा. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा 'परवडत नाही हो दादा' म्हणण्यापेक्षा आपल्याला नक्की किती परवडत नाही हे ठाऊक असणं केव्हाही चांगलं.

कवी आणि कथाकारांसाठी एकच आग्रह आहे. खोडताना एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. गिरगोटा करून ओळ मारून टाकू नका आणि पान फाडू नका. कडेला तारीख. फोनवर लिहीत असाल तर जास्त सांभाळा, कारण तिथे खोडलेलं कायमचं जातं. रोजचा खर्डा वेगळा ठेवा, जुन्यावरच नवा चढवू नका. प्रमाण शब्द काढून बोलीतला का घातला, हे लिहून ठेवलंत तर आपण वऱ्हाडी शब्द कुठे सहज वापरतो आणि कुठे नुसता शोभेला लावतो, ते काही महिन्यांनी स्वतःलाच दिसतं. दुसऱ्याने सांगितलं तर राग येतो. वहीने सांगितलेलं पचतं.

पण माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो जुन्या पेंटरांत. दुकानाच्या शटरवर, ज्याला पन्हाळ्या आहेत अशा पत्र्यावर, देवनागरी अक्षरं सरळ दिसतील अशी काढणं ही साधी गोष्ट नव्हती. खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून फटकन सोडायची, ओळ उमटवायची, शिरोरेघेची जाडी आणि उभ्या दांडीची जाडी यांचं नातं सांभाळायचं, 'ळ' आणि 'क्ष' कुठे आवळायचे ते नजरेने ठरवायचं, छाया कोणत्या बाजूला पाडायची ते ठरलेलं. एस.टी. स्टँडासमोरच्या पाट्या, बैलगाड्यांच्या मागच्या फळ्या, लग्नाच्या भिंतीवरचे गणपती, हे सगळं या हातांनी केलं. हे ज्ञान शाळेत कुणी शिकवत नव्हतं. उस्तादाच्या डब्यात ब्रश धुता धुता ते यायचं. आता डबा धुणारं पोरगंच उरलेलं नाही. या मंडळींनी लिहायला बसावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. लिहायची सवय नसेल तर नातवंडाला समोर बसवा, कागदावर एक एक अक्षर काढा आणि हात कुठून उचलला, कुठे टेकवला ते तोंडाने सांगा. ते लिहून घेईल किंवा फोनमध्ये आवाज भरून घेईल. व्याकरणाची काळजी नको. 'इथून वढायचं अन् इथं दाबायचं' हे वाक्य आहे तसंच राहू द्या.

वहीची मांडणी कशी करावी याची एक युक्ती अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्याकडून उचलण्यासारखी आहे. 1951 साली 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना त्यांनी एका मोठ्या वहीत उजव्या पानावर कादंबरी लिहिली आणि डाव्या पानावर, त्या दिवशीच्या कामाला हात घालण्याआधी, आपले संपादक पास्कल कोविची यांना उद्देशून पत्र लिहिलं. आज काय करायचं आहे, कुठे अडलंय, पेन्सिली कशा आहेत, घरात काय चाललंय. ही पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर 1969 मध्ये वेगळं पुस्तक म्हणून निघाली. आपण इतकं नाही केलं तरी डावं पान नोंदींना आणि उजवं पान कामाला, ही वाटणी फार सोयीची आहे. काम आणि कामाबद्दलचं बोलणं एकमेकांना दिसतं, पण एकमेकांत मिसळत नाही. एका ठरावीक माणसाला सांगतोय असं समजून लिहिण्याचा फायदाही मोठा. तुमचा कोविची कोण असेल ते तुम्ही ठरवा. बाहेरगावी गेलेला जुना वर्गमित्र चालेल, वर्गातली एखादी चुणचुणीत पोरगी चालेल. समीक्षक मात्र नको.

मराठीत चित्रकाराने लिहिलेलं असं काही वाचायचं असेल तर प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' मिळवा. ते 1990 साली मौज प्रकाशनाने काढलं. बरवे अनेक वर्षं नियमाने वह्या ठेवत. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा त्या वह्यांची पानंही लोकांना पाहायला मिळाली. पुस्तक एका बैठकीत वाचायचं नाही. दोन पानं वाचावी आणि आपल्या कामाकडे वळावं. त्यात वस्तूकडे पाहण्याची जी सावकाशी आहे ती अंगी बाणवण्यासारखी आहे. त्यांची भाषा मात्र उचलू नका, नवखा माणूस ती उचलतो आणि मग पेरूबद्दल लिहायला बसला की अवकाशाबद्दल लिहितो.

कधी लिहावं? संध्याकाळी लिहा, सकाळी वाचा. भेंडवळची घटमांडणी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे जाऊन काय हललं, काय जागेवर आहे ते बघतात आणि त्यावरून भाकीत सांगतात. भाकितावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही, माझाही नाही. पण मांडणारा वेगळ्या वेळी आणि वाचणारा वेगळ्या वेळी, ही त्यातली शिस्त वहीला अगदी लागू पडते. संध्याकाळी दमलेल्या हाताने लिहिलेलं, सकाळी ताज्या डोळ्याने वाचलं की कुठला शब्द उगाच होता आणि कुठली नोंद खरी होती ते कळतं. सकाळी दुरुस्ती करायची नाही, फक्त खाली एक ओळ वाढवायची.

रोज लिहिलंच पाहिजे, असं मी सांगणार नाही. आपल्याकडचा कलावंत बहुधा शेतकरीही असतो, किंवा शेतकऱ्याचा भाऊ तरी असतो. बुलडाण्याचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला 2004 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतलं शेतकऱ्याचं घर ज्याने वाचलंय किंवा जगलंय त्याला 'रोज सकाळी एक तास स्वतःसाठी' हा सल्ला देण्यात अर्थ नाही. पेरणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत वही उघडणार नाहीच. त्या दिवसांसाठी एकच ओळ ठेवा, रात्री निजण्याआधी, तीही डोळ्यांनी काय पाहिलं एवढीच. मळणीयंत्रातून उडणाऱ्या भुश्शातून दिसलेला सूर्य, एवढं लिहिलंत तरी दिवाळीनंतर कामाला बसताना सुरुवात कुठून करायची हा प्रश्न राहत नाही.

वही टिकवायची कशी याबद्दल थोडं. जेल पेनची शाई पाण्याने पसरते आणि जलरंगाच्या टेबलावर पाणी सांडतंच, म्हणून पेन्सिल किंवा साधा बॉलपेन. वाळवी आणि कसर हे आपल्याकडचे खरे वाचक आहेत; वह्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पावसाळा संपला की पेटी उघडून सगळ्यांना हवा द्या. वर्षातून दोनदा पानांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्येही ठेवा. देलाक्रवांची 1848 ची आख्खी वही भाड्याच्या घोडागाडीत राहिली आणि ती परत मिळालीच नाही. क्रांतीचं वर्ष होतं ते. त्यांनी काय पाहिलं असेल आणि काय लिहिलं असेल, याचा विचार करून आजही चित्रकलेचे अभ्यासक हळहळतात.

लिहिलेलं दाखवायचं का? दाखवायचं, पण काम चालू असताना नाही. अर्धवट चित्राबद्दल चार लोकांना सांगून झालं की ते पूर्ण करायची भूक मरते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. काम संपल्यावर मात्र कंजुषी करू नका. शाळेत प्रदर्शन लावलंत तर चित्राशेजारी वहीतलं एक पान लावा, खाडाखोडीसकट. एलिमेंट्री आणि इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या पोराला चांगलं चित्र छापलेलं पाहायला मिळतं, पण ते अर्ध्यावर असताना कसं दिसत होतं हे कुणी दाखवत नाही. त्यामुळे त्याला वाटतं, मोठ्यांचं पहिल्या फटक्यातच असं होतं. एकाच चित्राचे तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्याशेजारी 'इथे हे सोडलं' अशी एक ओळ, एवढं त्याच्यापर्यंत पोचवलंत तर त्याचा एक हंगाम वाचतो. दिवाळी अंकाच्या किंवा स्थानिक वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकालाही असा मजकूर हवा असतो. 'माझी कलायात्रा' या धाटणीचे लेख त्याच्याकडे पुरेसे येतात. छापायला देताना गिऱ्हाइकांची नावं, कुणाकडून किती पैसे यायचे आहेत ते, आणि चित्राला बसलेल्या माणसांच्या घरगुती गोष्टी गाळून टाका. त्या तुमच्या वहीत आहेत, पण तुमच्या नाहीत.

एक धोका सांगायलाच हवा. काही जणांना लिहिणं इतकं जमतं की काम मागे पडतं. दोन पानं नोंदी आणि ब्रश कोरडा, असं आठवडाभर चाललं तर वही पेटीत टाका आणि हातातलं काम संपेपर्यंत काढू नका. नोंदीला वीस मिनिटांच्या वर वेळ देऊ नये, असं माझं मत आहे. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर तुम्ही नोंद करत नाही आहात, लेख लिहीत आहात. लेख लिहिणंही वाईट नाही, मी आत्ता तेच करतोय, पण त्याची वेळ वेगळी.

आणि खंड पुन्हा पडणार, हे धरूनच चला. फरक इतकाच करायचा की थांबताना पुढचं पाऊल लिहून थांबायचं. सोयाबीन सोंगायला जाण्याआधीच्या रात्री शेवटच्या ओळीत तुमच्या मनातल्या मोठ्या चित्राबद्दल काही लिहू नका. लिहा: 'आकाशाचा दुसरा वॉश बाकी. डावीकडे कागद वर आलाय, पुन्हा ताणायचा. कोबाल्ट ब्लू संपत आला, खामगावहून आणणे.'